मागच्या एक्सलचे बुश घरी बदलताना

गतिरोधकावरून उतरताना गाडीच्या मागच्या बाजूने ‘खट्’ असा जड आवाज येत असेल आणि वळणावर गाडीचे मागचे अंग क्षणभर उशिरा वळल्यासारखे वाटत असेल, तर शॉकअपवर खर्च करण्याआधी एक्सल बीमचे बुश (आत धातूची नळी, बाहेर पत्र्याचे कडे आणि मध्ये रबर असलेले जोड) तपासावेत. स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांत मागची दोन्ही चाके एका आडव्या बीमवर बसवलेली असतात आणि तो बीम पुढच्या टोकांशी दोन मोठ्या रबरी बुशांतून बॉडीला जोडलेला असतो. रबर आतल्या नळीपासून सुटले असेल किंवा टॉमीने (लोखंडी दांड्याने) हलवल्यावर भेग उघडत असेल, तर दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलावेत.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागेवर चाकांवर उभी असतानाच मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे, कारण शेवटी त्याची गरज पडते. बुशांच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारावे. कोकणात वापरलेल्या गाडीत ही पायरी गाळली तर बोल्ट तुटण्याची खरी भीती असते.

हँडब्रेक मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळे मागची बाजू उचलल्यावर त्याचा आधार उरत नाही. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत, आणि घोड्या (गाडीला आधार देणारे स्टँड) बीमखाली न लावता बॉडीच्या ठरलेल्या जागी लावाव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

चाके काढल्यावर बीमखाली ट्रॉली जॅकचा आधार द्यावा, आणि ब्रेकचे होज (ब्रेक ऑइलच्या लवचीक नळ्या), हँडब्रेकची केबल व एबीएसची वायर ज्या क्लिपांनी बीमला अडकवलेली असतात त्या सोडवाव्यात. मग दोन्ही बोल्ट काढून बीमचे पुढचे टोक हळूहळू खाली आणावे आणि प्रत्येक इंचाला होज ताणला जात नाही ना, हे पाहत राहावे.

जुना बुश काढणे हे सर्वांत चिवट काम. रबर गॅसच्या ज्योतीने जाळण्याची पद्धत मी कुणालाही सुचवणार नाही, कारण पेट्रोलची टाकी अगदी जवळ असते. आट्यांची जाड सळई, दोन नट, जाड वायसर आणि बुशच्या बाहेरच्या कड्याहून किंचित मोठा पाइपाचा तुकडा एवढ्या साहित्यावर तो ओढून काढता येतो. तरीही हलला नाही, तर रबर कापून काढावे आणि हॅक्सॉच्या सुट्या पात्याने बाहेरच्या पत्र्याच्या कड्याला आतून एक चीर द्यावी. चीर पूर्ण होत आली की करवतीचा आवाज बदलतो. तिथेच थांबावे, कारण पाते पुढे गेले तर बीमच्या भोकावर ओरखडा पडतो.

भोक तारेच्या ब्रशने चकचकीत करून घ्यावे. नव्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्या ठरावीक दिशेलाच यायला हव्यात, म्हणून जुना काढण्यापूर्वीच त्याची दिशा बीमवर खडूने खुणावून ठेवावी. बसवताना साबणाचे पाणी लावावे. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने साधे रबर फुगून मऊ पडते. बुश सरळ शिरत आहे की तिरका, हे प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बीम वर घेऊन नवे नट लावावेत, पण हाताने घट्ट होतील इतकेच. रबर आतल्या नळीला चिकटलेले असते आणि बोल्ट आवळला की ती नळी बॉडीच्या ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. चाके लोंबकळत असताना ती जखडली, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. माझ्या गाडीचे आधीचे बुश एका गॅरेजमध्ये असेच आवळले गेले होते, आणि काही महिन्यांतच दोन्ही एकाच जागी फाटले. म्हणून चाके लावून गाडी जाड, रुंद फळ्यांवर उतरवावी, ती थोडी मागेपुढे ढकलून स्प्रिंग बसू द्यावेत, आधी लिहून ठेवलेले अंतर जुळले की पुन्हा गुटके लावून मगच टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने), त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, बोल्ट आवळावेत.

होज आणि केबल पुन्हा क्लिपांत बसवून हँडब्रेक ओढून पाहावा, आणि पहिल्या फेरीनंतर दोन्ही बोल्टांना एकदा पाना लावून पाहावा.