लॅम्पशेडला खालून वर फिकट होत जाणारा रंग कसा द्यावा

आधी शेडच्या आत बोट फिरवा. गुळगुळीत प्लॅस्टिक लागलं तर ती बुडवू नका. डिंक सुटून कापडाला फुगे येतात. तारेच्या सांगाड्यावर शिवलेलं सुती कापड असेल तरच पुढे वाचा. शंका असेल तर आतल्या कडेचा एक धागा जाळा. सुताची राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी.

हळद-बीटाचे सल्ले कृपा करून विसरा. हळद उजेडात उडते, आणि दिव्याच्या शेडला दुसरं काम काय? थंड पाण्यात चढणारा रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे सुताच्या धाग्याशीच जोडला जाणारा रंग, घ्या. निळा मात्र नको, पिवळसर बल्बच्या उजेडात तो मळकट हिरवा दिसतो. विटकरी किंवा राणी रंग झकास.

रंग वेगळ्या भांड्यात कोमट पाण्यात कालवून मलमलीतून गाळा. हातमोजे घाला.

आता खरी कसोटी. कोरडी शेड रंगात धरून ठेवली की कापड पाणी वर ओढतं, आणि ओल जिथे थांबते तिथे गडद रेघ उमटते. ती पुन्हा जात नाही, कितीही धुवा. म्हणून दर लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवून अख्खी शेड त्यात वीसेक मिनिटं बुडवा आणि निथळू द्या. सोड्याने रंग पक्का होतो, ओलीमुळे रेघ टळते.

शेड बुडेल एवढ्या पाण्यात गाळलेला रंग थोडासाच घाला, पहिलं पाणी अगदी फिकट ठेवा. शेड दोन तृतीयांशापर्यंत बुडवा आणि हात सतत वरखाली चालू ठेवा. फोन वाजला तरी थांबायचं नाही! मग त्याच पाण्यात रंग वाढवून अर्ध्यापर्यंत, शेवटी दाट करून फक्त खालची कड. ‘आधी गडद, मग फिकट’ असं सांगणाऱ्यांनी शेड कधी रंगवलेली नसावी. गडद कडेचा सुटा रंग फिकट पाण्यात उतरतो आणि वरचं कापड डागाळतं. ओलं कापड गडद दिसतं, तेव्हा हवं त्यापेक्षा थोडं जास्तच चढवा.

प्लॅस्टिकच्या पिशवीत, गडद कड खाली ठेवून, रात्रभर टांगा. सकाळी तशीच नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत धुवा, म्हणजे सुटा रंग फिकट भागावर ओघळणार नाही.

सावलीत वाळवा, अधूनमधून फिरवत. एका बाजूने पंखा लावलात तर रंग लवकर सुकणाऱ्या बाजूकडे सरकतो. पण दमट हवेत टांगून विसरूही नका. तार गंजली तर तांबडे डाग पडतात. बल्ब एलईडीच लावा.