नेट नेमकं कुठे अडतंय? ट्रेसराउट चालवा आणि नीट वाचा

साइट उघडत नसेल, तर दोष आपल्या वायफायचा, इंटरनेट कंपनीचा की पलीकडच्या सर्व्हरचा? ट्रेसराउट, म्हणजे आपल्यापासून साइटपर्यंतचा रस्ता टप्प्याटप्प्याने दाखवणारी कमांड. तिच्यावरून याचा बराच अंदाज येतो. पण ते चुकीचं वाचून भलत्यालाच दोष देणारे फार, म्हणून वाचण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर त्याचाच रस्ता दिसेल. विंडोजवर स्टार्ट मेनूत सीएमडी शोधून उघडा. तिथे इंग्रजीत टी-आर-ए-सी-ई-आर-टी टाइप करा, एक जागा सोडून साइटचं नाव लिहा आणि एंटर दाबा. मॅक आणि लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘ट्रेसराउट’ हा पूर्ण शब्द लागतो. लिनक्सवर कधी कधी तो आधी इन्स्टॉल करावा लागतो.

नेटवरून डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जातो. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. शून्य झाला की राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. पॅकेट नेटवर्कमध्ये कायम फिरत राहू नये म्हणून केलेली ही सोय. संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी तिचाच उपयोग करून ट्रेसराउट लिहिलं: आधी टीटीएल १, मग २, मग ३. जो राउटर उत्तर देतो, तो त्या क्रमांकाचा टप्पा.

आता ओळी वाचा. प्रत्येक ओळीत उत्तर यायला लागलेल्या वेळेचे तीन आकडे दिसतात, मिलिसेकंदांत. पहिल्या ओळीतला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तो तुमच्या घरचा राउटर. इथे एक-दोन मिलिसेकंद हवेत. इथेच शंभर दिसत असतील तर कंपनीला फोन करण्याआधी लॅपटॉप केबलने जोडून पाहा.

समजा पाचव्या ओळीत १८० आहे आणि सहावीत पुन्हा २२. तर पाचव्यात बिघाड नाही. राउटरचं मुख्य काम पॅकेट पुढे ढकलणं. आपल्याला उत्तर देणं त्याच्या लेखी दुय्यम. मधल्या ताऱ्यांचंही (उत्तर आलं नाही की दिसणाऱ्या * या खुणांचं) तेच. वाढलेली वेळ शेवटच्या ओळीपर्यंत टिकली, तरच काळजी करा.

तीही अंतर पाहूनच. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद तर लागणारच, आणि समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत. देशाबाहेर पडताना आकडा एकदम शंभरावर गेला तर त्यात गैर काही नाही.

एका टप्प्यानंतर शेवटपर्यंत तारेच आले आणि तरी साइट उघडत असेल, तर फायरवॉल (सुरक्षेसाठी पॅकेट अडवणारी यंत्रणा) उत्तरं अडवतंय, एवढंच. साइटही उघडत नसेल, तर अडचण शेवटच्या उत्तराच्या आसपास असू शकते. खात्री मात्र नाही, कारण परतीचा रस्ता वेगळा असू शकतो.

तक्रार करायची असेल तर नेट चांगलं असताना आणि बिघडलेलं असताना, दोन्ही वेळचे निकाल वेळेसह जोडा. निकाल ग्रुपवर टाकणार असाल तर आपला सार्वजनिक आयपी पत्ता आधी झाका.