हेडसेटवरचा अर्धा शब्द

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला विमानं सुरू झाली, तेव्हापासून उलवे-पनवेलची मुलं विचारतात, "दादा, रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथं, रात्री नेमकं काय काम असतं?" कामोठ्याहून जाऊन-येऊन मी सहा वर्षं मुंबई विमानतळावर रात्रपाळी केली. त्यातलं हेडसेटचं तेवढं सांगतो.

पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलताना, पुढच्या चाकाशी हेडसेटची वायर जोडून एक जण विमानाबरोबर चालतो. कॉकपिटमधून टग (ढकलणारा ट्रॅक्टर) दिसत नाही, टोबार (टग विमानाला जोडणारा दांडा) दिसत नाही, मागचं तर काहीच नाही. वैमानिक त्या माणसाच्या शब्दावर विसंबून असतो.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात, पहाटे तीनच्या सुमाराला, मी "रिलीज पार्किंग ब्रेक" म्हणालो. वरून "ब्रेक्स..." एवढंच आलं, पुढचं खरखरीत बुडालं. मी टगवाल्या काकांना अंगठा दाखवला. ते हलले नाहीत. खिडकीतून ओरडले, "ब्रेक्स काय? सेट की रिलीज्ड? परत विचार!" विचारलं, तर ब्रेक सेटच होते. तसंच ढकललं असतं तर टोबारची शिअर पिन तुटली असती. ती पिन पुढचं चाक वाचवण्यासाठी मुद्दाम कमजोर ठेवलेली असते, पण फ्लाइट तरी रखडलीच असती. पहाटे दोन ते सहा शरीर झोप मागतं, आणि अर्धा ऐकलेला शब्द मन स्वतःच पुरा करून टाकतं. म्हणून उत्तर पूर्ण ऐकू आलं नाही तर परत विचारा, तिसऱ्यांदा विचारावं लागलं तरी.

डाव्या-उजव्याचा घोळही नव्या माणसाचा हमखास होतो. एक नंबरचं इंजिन वैमानिकाच्या डाव्या हाताला असतं, त्यामुळे विमानाकडे तोंड करून उभं राहिलं की ते आपल्या उजवीकडे येतं. हे घरी कागदावर काढून पाठ करा.

वायर बंद पडली तर हातातल्या उजेडाच्या कांड्याच बोलतात. डोक्यावर फुली केली की थांबा. त्यांचे सेल पाळी सुरू होण्याआधी तपासा.

पुशबॅक संपला की वायर काढायची, बाजूला येऊन पुशबॅकसाठी पुढच्या चाकात घातलेली लाल फितीची बायपास पिन उजेडात उंच धरायची. ती चाकातच राहिली तर वैमानिकाला पुढचं चाक वळवता येत नाही. पिन पाहिल्याची खूण तो वरून करतो. ती दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही.