विहिरीला सुरुंग लावून घेताना मालकानं काय बघावं

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं रान. गेल्या उन्हाळ्यात विहीर चार परस खाली गेली, मुरूम संपला आणि काळा पाषाण लागला. ब्रेकरवाला दोन दिवस टणटण करून निघून गेला. सुरुंगाशिवाय इलाज उरला नाही.

पहिला गडी मोटरसायकलवर आला. स्फोटकाच्या कांड्या युरियाच्या पोत्यात, त्या उडवायच्या टोप्या, म्हणजे डिटोनेटर, शर्टाच्या खिशात. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

कारण सगळी स्फोटकं एका जातीची नसतात. जुन्या सुरुंगातली काळी दारू नुसती भरभर जळते, कोंडली की फुटते. कांडीतला माल धक्क्यानं फुटतो, आवाजाच्या वेगाहून कितीतरी जोरात. तो सहजी उठत नाही, म्हणून त्याला टोपी लागते. आणि टोपीतला चिमूटभर माल ठोका, ठिणगी, कशानंही उडतो. कांडी आणि टोपी वेगवेगळ्या पेटीत पाहिजेत ते यासाठी. आपण अजून ‘जिलेटिन’ म्हणतो, पण नायट्रोग्लिसरीनचं जुनं जिलेटिन आपल्याकडं 2004 पासून बंद आहे. आता येतं ते इमल्शन नाहीतर स्लरी, बहुतेक अमोनियम नायट्रेटचं. खतासारख्या दिसणाऱ्या त्या नायट्रेटलाही 2012 पासून वेगळे नियम आहेत.

कायदा 1884 चा, सध्याचे नियम 2008 चे, आणि कारभार पेसोचा, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचा, ज्याचं मुख्य कार्यालय नागपूरला. तुम्ही एवढंच मागा: स्फोटकं बाळगायचा परवाना, माल कुठल्या मॅगझिनमधून, म्हणजे स्फोटकांच्या कोठारातून, उचलला त्याची नोंद, आणि जो स्वतः तार जोडणार त्याचं शॉट फायररचं, म्हणजे सुरुंग उडवणाऱ्याचं, परमिट. ठेकेदाराचं परमिट चालत नाही. आमच्याकडं दुसऱ्यानं जे दाखवलं त्यावरच्या फोटोत झुपकेदार मिशा. ‘काढल्या,’ म्हणाला. कान पण बदलले होते काय?

तिसरा माणूस बरोबर निघाला. गाडीवर खूण, पेट्या कुलपात. पोलीसपाटलांना आणि शेजारच्या बांधावर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. म्हशी सकाळीच लांब बांधा. अठरा वर्षांखालच्या पोराला पेटीला हात लावू देऊ नका, आणि कामावरचा कुणी पिऊन आला असेल तर त्यालाही नाही. दोन्ही गोष्टी नियमातच आहेत. दिवस मावळायच्या आत सगळं आवरलं पाहिजे.

आणि आवाज मोजा. आमची सहा भोकं होती, एकामागून एक उडणार होती. आबा बांधावर बसून बोटं दुमडत होते. पाच झाले. सहावा आलाच नाही. कॉम्प्रेसरवाला पोरगा शिडीकडं धावला, तर शॉट फायररनं त्याची कॉलरच धरली. अर्धा तास कुणाला काठाला फिरकू दिलं नाही, मग एकटा उतरला. न उडालेलं भोक हे परमिटवाल्याचंच काम. आपण वाकूनही बघायचं नाही.

उरलेल्या कांड्या ठेवून घेऊ नका. ‘असू दे, नदीला मासं मारायला होतील’ म्हणणारा एक चुलता प्रत्येक घरात असतो. स्फोटकानं मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि विनापरवाना कांडी घरात सापडली तर 1908 चा कायदा लागतो, त्यात जामिनासाठी वकील शोधत बसावं लागतं. आमच्या अकरा कांड्या उरल्या. त्यानं त्या माझ्यासमोर मोजून पेटीत घातल्या, वहीत आकडा लिहिला, त्याखाली माझी सही घेतली आणि कुलूप लावलं.