रिटर्न भरून देणारा कसा निवडावा, आणि दरवर्षीची तीच डोकेदुखी कशी थांबवावी

जून संपत आला की नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या सीएंच्या कार्यालयांत फॉर्म 16 ची (कंपनीने दिलेल्या पगार आणि करकपातीच्या दाखल्याची) घडी हातात घेऊन लोक बसलेले दिसतात, आणि झेरॉक्सच्या दुकानांवरही ‘येथे इन्कम टॅक्स रिटर्न भरून मिळेल’ अशी पाटी लागते. रिटर्न सीएकडूनच भरून घ्यावे असा कायदा नाही. पगार आणि बँकेचे व्याज एवढेच उत्पन्न असेल, तर अनुभवी कर सल्लागारही ते काम चोख करतो. म्हणून पाटीवरच्या पदवीपेक्षा पहिल्या भेटीत तो काय विचारतो, याकडे लक्ष द्यावे.

फॉर्म 16 बघताच फीचा आकडा सांगणाऱ्यापेक्षा, मुदत ठेवी किती आहेत, घरभाडे येते का, म्युच्युअल फंड विकले का, वर्षात नोकरी बदलली का, असे विचारून तुमच्यासमोर एआयएस (आयकर विभागाकडे जमलेली तुमच्या व्यवहारांची वार्षिक यादी) उघडणारा माणूस बरा. बँकेने टीडीएस (पैसे देण्याआधीच कापला जाणारा कर) कापला नाही म्हणजे व्याजावर कर नाही, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. ते व्याज एआयएसमध्ये दिसते आणि रिटर्नमध्ये दिसत नाही, तिथूनच पुढची नोटीस जन्माला येते. जुन्या आणि नव्या करप्रणालीचा हिशेबही त्याने शेजारी शेजारी मांडून दाखवावा. समोरची व्यक्ती स्वतःला सीए म्हणवत असेल तर सदस्यत्व क्रमांक निःसंकोच विचारावा. सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.

‘तुमचा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के आमचे’ असे ऐकले की उठावे. असा रिफंड बहुधा खोट्या भाडेपावत्यांतून किंवा कधी न दिलेल्या राजकीय देणगीतून निघतो. जुलै 2025 मध्ये आयकर विभागाने देशभर अशाच बनावट वजावटींविरुद्ध कारवाई केली होती. रिटर्न कोणीही भरले तरी त्यातल्या मजकुराची जबाबदारी करदात्याचीच असते, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास चुकवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मात्र वेगळीच आहे. काही वर्षांपूर्वी मी एका एजंटाकडून रिटर्न भरून घेत असे. रिफंड का येत नाही म्हणून एकदा स्वतः आयकर विभागाचे पोर्टल उघडले, तर माझ्या प्रोफाइलमध्ये मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्याचे निघाले. विभागाने पाठवलेली नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून होती आणि उत्तराची मुदत टळून गेली होती. (प्रत्यक्ष कर अकादमी ज्या शहरात आहे, तिथे राहून हे घडले, याची लाज आजही वाटते.) तेव्हापासून माझा नियम असा आहे: पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा, संपर्काच्या रकान्यात आपलाच क्रमांक भरायचा, आणि समोर मसुदा वाचल्याशिवाय ओटीपी सांगायचा नाही. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करावी लागते. ती झाल्याची पावती आणि रिटर्नची पूर्ण प्रत मागून घ्यावी. ‘ऑफिसात आहे, काळजी करू नका’ हे उत्तर पुरेसे नाही.

आता दरवर्षी उपटणाऱ्या कटकटी. कलम 143(1) ची सूचना, म्हणजे रिटर्न तपासून विभाग पाठवतो तो हिशेब, आली की अनेकजण घाबरून ती न वाचताच सल्लागाराला पाठवतात. तिच्यात दोन स्तंभ असतात, आपण दिलेले आकडे आणि विभागाने काढलेले. जिथे फरक दिसेल त्या एका ओळीवर बोट ठेवून सल्लागाराला कारण विचारावे. कापलेला टीडीएस 26एएसमध्ये (तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या पोर्टलवरील उताऱ्यात) दिसत नसेल, तर बहुधा कापणाऱ्याने पॅन चुकवलेला असतो किंवा स्वतःचे टीडीएसचे विवरणपत्र भरलेले नसते. अशा वेळी सल्लागार बदलून काही होत नाही. ज्याने कर कापला त्यालाच लेखी विनंती करून दुरुस्तीचे विवरणपत्र भरायला लावावे आणि विनंतीची पोच जपून ठेवावी. रिफंड अडकला असेल तर बँक खाते पोर्टलवर प्रमाणित आहे का, ते आधी पाहावे. बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी कोड बदललेला असतो आणि प्रोफाइलमध्ये जुनाच राहतो. तो बदलून खाते पुन्हा प्रमाणित करून घ्यावे आणि मग पोर्टलवरूनच रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती नोंदवावी.