चलि म्हणजे थंडी

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, संपवून सोलापुरात पहिल्यांदा वॉर्डात उभी राहिले, तेव्हा 'रक्त कमी' ही मला सगळ्यात सोपी केस वाटायची. कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, टाका, रक्ताची पिशवी लावा, चार्ट भरा. मी लातूरकडची. इथे पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात आणि अक्कलकोटकडून येणारे पेशंट कन्नड, हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्याच आठवड्यात विड्या वळणाऱ्या एका काकूंना पिशवी लावली. हिमोग्लोबिन ५.२, म्हणजे फारच कमी. थेंब सुरू केले आणि मी पलीकडच्या बेडची इंजेक्शनं द्यायला गेले. काकू पुटपुटत होत्या, "चलि, चलि." मला वाटलं, घरी चल म्हणतायत. "आत्ताच कुठं निघालात काकू?" असं म्हणून मी हसलेसुद्धा. शेजारच्या आजी ओरडल्या, "अगं, थंडी वाजतीय तिला!" तेलुगूत चलि म्हणजे थंडी. कन्नडमध्ये चळी. जाऊन बघते तर दात वाजतायत, अंग तापलेलं. सीनियर सिस्टरनी आधी पिशवी बंद केली, नवीन सेटने (सेट म्हणजे पिशवीपासून शिरेपर्यंतची नळी) नॉर्मल सलाईन लावून शीर चालू ठेवली, मग डॉक्टरांना हाक मारली. पिशवी, सेट आणि रक्ताचा नवा नमुना रक्तपेढीत गेला. नशीब, साधी तापाची रिअ‍ॅक्शन निघाली. पण गट चुकल्याची रिअ‍ॅक्शनही अशीच थंडीने सुरू होऊ शकते, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत माझ्या पोटात गोळा होता.

म्हणून नवीन मुलींना पहिलं सांगते: पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं बेड सोडायचा नाही. थेंब हळू, आणि पंधरा मिनिटांनी ताप, नाडी, बीपी पुन्हा. इतर कामं ओरडू देत.

दुसरं, नाव. "तुम्ही लक्ष्मीबाई ना?" असं कधी विचारू नका. ग्लानीतला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. "नाव सांगा" म्हणायचं. नमुन्याच्या बाटलीवर लेबल बेडपाशीच लावायचं, टेबलावर येऊन नाही. पिशवीवरचा नंबर आणि गट दोघींनी मिळून वाचायचा.

आता मे महिना. नातेवाईक रक्तपेढीतून पिशवी पदराखाली घेऊन येतात आणि ती टेबलावर पडून राहते. फ्रीजबाहेर आल्यापासून अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत संपली पाहिजे. गार लागते म्हणून गरम पाण्यात ठेवणारेही मी पाहिलेत, पेशी फुटतात त्याने. त्याच लाईनमध्ये डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) नको, फक्त नॉर्मल सलाईन, म्हणजे साधं मिठाचं. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मात्र फ्रीजमध्ये ठेवायच्याच नसतात.

थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या मुलांची गोष्ट उलटी: रक्त कमी, पण लोह जास्त. आई प्रेमाने लोहाचं टॉनिक पाजते, पण दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढून अंगात लोह आधीच साचलेलं असतं. ते बाहेर काढायच्या गोळ्या वेगळ्या, आणि त्या चुकू नयेत म्हणून आईशी बोलणं हे आपलंच काम. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या, पेशंटला कमरेत इंजेक्शन नाही, ऑर्डर असली तरी आधी डॉक्टरांना विचारा.

खरं कौशल्य डिस्चार्जच्या दिवशी लागतं. विड्या वळताना काकूंचा चहा तासातासाला, आणि लोहाची गोळी त्याच चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणायचं. शी काळी होईल हेही आधीच सांगायचं, नाहीतर घाबरून गोळ्या उकिरड्यावर जातात. हिमोग्लोबिन वर आलं तरी पुढे तीन महिने बंद नाही, अंगातला साठा भरायला वेळ लागतो. माती किंवा कच्चे तांदूळ खाता का, पाळीत किती जातं, हे सासू चहा आणायला गेली की विचारा. तिच्यासमोर उत्तर एकच: "काही नाही, बरं आहे."

माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात अजून एक छोटी वही असते. तिच्या पहिल्या पानावर: थंडी – चलि, चळी. दुखणं – नोप्पि, नोवु. खाज – दुरद, तुरिके. नवीन मुलगी ड्यूटीवर आली की औषधांच्या कपाटाआधी मी तिला हे पान उतरवून घ्यायला लावते.