ऑफिसात बाहेरून व्हेज जेवण मागवताय? आधी डाळ शोधा

दुपारी 1 ला जेवलो आणि 4 ला परत भूक, मग खालच्या टपरीवर चहा आणि क्रीमरोल, असं माझं दोन-तीन वर्षं चाललं होतं. मला वाटायचं व्हेज खाल्लं की असंच होणार, पोट भरतच नाही. मग एक दिवस नीट बघितलं की आपण मागवतो काय, तर सोमवारी व्हेज फ्राईड राईस, मंगळवारी मसाला डोसा, बुधवारी व्हेज बिर्याणी. म्हणजे तीन दिवस भात नाहीतर तांदूळ, आणि डाळ म्हणाल तर डोशाच्या पिठात असते ती थोडी उडीद डाळ आणि सोबत आलेलं वाटीभर सांबार तेवढं. भूक लागेल नाहीतर काय.

तर अ‍ॅप उघडल्यावर फोटो बघायचे नाहीत, आधी डाळ-कडधान्य कशात आहे ते शोधायचं. उसळ, मिसळ, पिठलं, झुणका, छोले, राजमा, दालफ्राय, आमटी, यातलं एक ठरलं की मगच पोळी की भात ते बघा. साधा हिशोब सांगतो, 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे जेवणात 15-20 तरी पाहिजे. मोठी वाटी मटकीची उसळ 7-8 ग्रॅम, दोन पोळ्या 6 च्या आसपास, वाटीभर दही 3-4, झालं काम. व्हेज बिर्याणीत गाजर, फरसबी आणि चार वाटाणे असतात, त्यात हा हिशोब बसत नाही, म्हणून मागवायचीच असेल तर रायत्याऐवजी मोठं दही घ्या, रायता म्हणजे निम्मं पाणी.

आता पनीर. पनीर वाईट नाही, 100 ग्रॅमला 18 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण हॉटेलच्या डब्यात 100 ग्रॅम येतं कुठे? एकदा एका ठिकाणून पनीर लबाबदार मागवलं, आम्ही तिघं होतो आणि तुकडे निघाले पाच. बाकी सगळी ग्रेव्ही, काजू-क्रीम-बटरची, जी खाल्ली की 3 च्या मीटिंगमध्ये डोळे मिटायला लागतात. बऱ्याच हॉटेलात लाल, पिवळी, पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळीच करून ठेवलेल्या असतात आणि मेनूतली पंधरा नावं त्यातूनच निघतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. पनीर खायचंच असेल तर पनीर भुर्जी मागवा, त्यात ग्रेव्हीला लपायला जागा नसते.

मग बघायचं की डब्यात अर्धा तास राहून काय टिकतं, आणि इथेच लोक जास्त फसतात. तंदुरी रोटी आणि नान गरम असताना झकास, पण फॉईलमधून येईपर्यंत चामडं होतं, त्याऐवजी तवा चपाती किंवा फुलके सांगा. ज्वारीची भाकरीपण कडक होते पण तिचं एक बरं असतं, उसळीच्या नाहीतर आमटीच्या रश्शात कुस्करली की उलट जास्त छान लागते. डोसा घामेजून लोळागोळा होतो, इडली आणि उत्तप्पा मात्र मस्त येतात. मिसळीला फोन करून किंवा नोटमध्ये लिहून सांगा की कट वेगळा, फरसाण वेगळं आणि कांदा-लिंबू वेगळं, नाहीतर उघडल्यावर फरसाणाचा लगदा, आणि तर्रीचा तवंग सगळा झाकणाला. दालखिचडी गार होताना घट्ट होत जाते, डबा उघडेपर्यंत चमचा उभा राहतो, म्हणून जरा पातळ द्या म्हणून सांगायचं आणि सोबत कढी घ्यायची. राजमा-चावल, छोले-भात हे सगळ्यात बिनधास्त, उशीर झाला तरी बिघडत नाहीत. अर्थात उशीर म्हणजे तासभर, शिजलेला भात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, उरला तर लगेच ऑफिसच्या फ्रीजमध्ये.

अजून एक, वार बघा. मंगळवार, गुरुवार, शनिवार कितीतरी जण नॉनव्हेज खात नाहीत आणि श्रावणात तर विचारूच नका, त्या दिवशी व्हेज हॉटेलांवर झुंबड असते, 1 वाजता ऑर्डर टाकली तर 2 ला येते. 12 च्या आधी टाका. आणि चतुर्थी-एकादशीला उपवास नसतानाही "आज हलकं खाऊ" म्हणून साबुदाणा खिचडी मागवणारे असतात (आमच्या टीममध्ये दोघं आहेत), पण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात जे काय आहे ते दाण्याच्या कुटात, सोबत दही घ्याच.

एकट्याने मागवलं की नेहमी जास्त येतं किंवा महाग पडतं, त्यामुळे तिघं-चौघं मिळून करा. आमचं सेटिंग असं आहे, हॉटेलातून फक्त एक दालफ्राय आणि एक सुकी भाजी फुल, आणि पोळ्या जवळच्या पोळीभाजी केंद्रातून, तिथल्या पोळ्या मऊ असतात आणि हॉटेलच्या रोटीपेक्षा कितीतरी स्वस्त. कोणीतरी एकाने जाऊन आणायच्या, त्या निमित्ताने पाय मोकळे होतात. हे रोज जमत नसेल तर मेसचा डबा लावा, पण महिन्याचे पैसे भरायच्या आधी दोन दिवस ट्रायल मागा आणि आठवड्याचा मेनू विचारा. आठवड्यात तीनदा बटाटा असेल आणि उसळ एकदाच, तर दुसरी मेस बघा. वरणाचं पाणी किती आणि डाळ किती ते पहिल्याच दिवशी कळतं.

शेवटी ड्रॉवर. माझ्या ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याची चटणी, फुटाणे आणि एक सुरी कायम असते. काकडी-टोमॅटो येताना घ्यायचे, हॉटेलवाले सॅलड म्हणून कांद्याच्या चार चकत्या देतात त्यावर अवलंबून राहायचं नाही. कधी नाईलाजाने फ्राईड राईसच आला तर मूठभर फुटाणे सोबत खा, 30 ग्रॅमला 6 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं आणि 4 चा क्रीमरोल टळतो. चटणीची डबी मात्र मागच्या कप्प्यात ठेवा, पुढे ठेवली की बुधवारपर्यंत संपते.